लॉट नंबर चौदा

चहा आधी संपवा, मग सांगतो. तोंडात घोट असताना हा किस्सा ऐकू नये असं आमच्या हिचं म्हणणं आहे, आणि तिचं ऐकायला मी अलीकडेच शिकलोय. कसा शिकलो, तेच तर सांगायचंय.

तुम्हाला माहीतच आहे, मी अंबडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटीत काढली. माल बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, आणि दोघांच्या मध्ये उभा राहून 'हे चालणार नाही' म्हणणारा मी. रिटायर झालो आणि पंचाईत अशी झाली की आता 'चालणार नाही' म्हणायचं कुणाला? घरी म्हणून पाहिलं. दोन दिवस पोळ्या तपासल्या. तिसऱ्या दिवशी मंगलनं, म्हणजे आमच्या हिनं, पोळपाट-लाटणं माझ्यापुढे सरकवलं आणि मी लाटलेली एकेक पोळी खिडकीच्या उजेडात धरून नुसती मान हलवली. तेव्हापासून स्वयंपाकघरात मी फक्त पाणी प्यायला जातो.

अशा रिकाम्या, वैतागलेल्या माणसाच्या मोबाइलवर एके दिवशी तो व्हिडिओ आला. संत्र्या-मोसंब्यांच्या साली तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग. डब्यात भरा, रोज झाकण सैल करून गॅस सोडा, तीन महिन्यांनी गाळा. झालं एन्झाइम. फरशी पुसा, सिंक घासा, काय वाट्टेल ते करा. 'बाजारातलं फिनेल फेकून द्या,' असं ती व्हिडिओतली बाई इतक्या प्रेमानं सांगत होती की मी उठून खरंच फेकून आलो.

"अहो, कालच आणलं होतं ते," मंगल म्हणाली.

"अगं, केमिकल आहे ते."

"आणि बत्तीस वर्षं अंबडला काय, तुळशीचा काढा बनवत होतात?"

पण मला झपाटलं होतं. कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून मी रोज पिशवी भरून साली आणायला लागलो. त्याला वाटायचं मी म्हैस पाळलीय. एकदा विचारलंनही, "काका, दूध किती देते?" सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत आधी कपडे वाळायचे. आता तिथे डबे, पिंपं, बाटल्या. रोज सकाळी सातला मी एकेक झाकण सैल करणार, फुस्स आवाज होणार, आणि समोरच्या बिल्डिंगमधले जोशी खिडकी लावून घेणार.

क्लीनर जमल्यावर मी पेयाकडे वळलो. अननसाच्या साली, गूळ, आलं, दालचिनी. उन्हाळ्यात तीन दिवसांत तयार. आंबट-गोड, जिभेवर बुडबुडे येतात, पोटाला उत्तम. खरंच छान लागतं हो. म्हणजे नेमकी तीच बाटली उघडली तर.

आता इथे लक्ष द्या. दोन्ही गुळाच्या रंगाचं, दोन्ही गाळलेलं, दोन्ही सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेलं. कुणीही शहाणा माणूस काय करेल? बाटलीवर नाव लिहील. मंगल हेच म्हणाली. आमची मुलगी पूजा फोनवर हेच म्हणाली. पण मी पडलो क्वालिटीचा माणूस. नाव लिहिणं हे लोणच्याच्या बरणीचं काम. मी टॅग लावले. लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे थांबा, अजून ठरायचंय, आणि हिरवा म्हणजे ओके, माल पुढे जाऊ द्या. टॅगवर फक्त लॉट नंबर. त्या लॉटमध्ये काय आहे ते रजिस्टरमध्ये. आणि कारखान्याचा नियम घरालाही लागू: टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"आणि दोन्ही हिरवे असले तर?" मंगलनं विचारलं होतं.

"तर दोन्ही ओके," मी म्हणालो.

हा प्रश्न तिनं चांगला दोन महिने आधी विचारलेला. तो मला नंतर फार आठवला.

आता थोडं मागे जावं लागेल, कारण मठ्ठ्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूजाचं लग्न निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरात झालं. माणसं खानदानी. व्याही अण्णा मोकळे, हसरे. विहीणबाई सुमनताई कमी बोलणाऱ्या. त्या आवाज कधी चढवत नाहीत, नुसत्या बघतात, आणि समोरचा आपण होऊन सगळं कबूल करतो.

तर लग्नात पहिली पंगत बसायच्या आधी मी सवयीनं मठ्ठ्याच्या पिंपात पळी घातली. चाखलं. आणि आचाऱ्याला म्हणालो, "आंबट झालाय. हा माल पुढे जाणार नाही." पिंप बाजूला ठेवायला लावलं. दुसरा मठ्ठा तयार होईपर्यंत वरपक्षाची पंगत उठलीसुद्धा. त्या पंगतीत सुमनताई होत्या. जिलेबी कोरडीच खाल्ली त्यांनी.

त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पण पुढे सासरी जेव्हा जेव्हा मठ्ठा होई, तेव्हा त्या पूजाला शांतपणे म्हणायच्या, "आधी तू चाख गं. तुमच्याकडं तपासून घेत्यात." दर वेळी. पूजानं पहिल्यांदा फोनवर हसत सांगितलं. नंतर हसणं थांबलं. एकदा तर बोलता बोलता रडायलाच लागली. म्हणाली, "बाबा, मी त्या घरात काहीही केलं तरी मी मठ्ठेवाल्याचीच मुलगी." मला फार लागलं ते. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण विहिणीला फोन करून 'चुकलो' म्हणायचं धाडस काही झालं नाही. बत्तीस वर्षांत कुणाला 'चुकलो' म्हटलंच नव्हतं, सवय कुठून असणार?

आणि यंदा आला अधिक महिना, ऐन उन्हाळ्यात. लग्नानंतरचा पहिला धोंडा. जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, तेहतीस अनारसे वाण द्यायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. जावई अमोल, पूजा, आणि बरोबर अण्णा आणि सुमनताईसुद्धा येणार. लग्नानंतर सुमनताई पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याच्या आत येणार होत्या.

आदल्या दिवशी पूजाचा फोन. "बाबा, एकच मागते. उद्या तुमचं ते काही नको. ग्लासात नको, फरशीवर नको. सासूबाईंनी परत नावं ठेवली तर मला तिथं तोंड वर काढता येणार नाही. शपथ घ्या."

"घेतली," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

सकाळी मंगल पाचपासून पुरणात. कामाच्या मावशी गावी गेलेल्या. म्हणून दोन कामं माझ्या वाट्याला आली. एक, साध्या पाण्यानं फरशी पुसायची. दोन, फ्रिजमधलं कैरीचं पन्हं ग्लासात भरायचं. एवढंच. सहावीतल्या पोरालाही जमलं असतं.

बादली घेऊन गॅलरीत गेलो. तिथे दाराशीच हिरव्या टॅगच्या दोन बाटल्या. आदल्या दिवशीच मी दोन्ही ओके केलेल्या. एक लॉट तीन महिने मुरवलेल्या फरशीच्या एन्झाइमचा, दुसरा अननसाचा. आता खरं सांगा, तीन महिने ज्याची वाट पाहिली ते तयार झालंय, घरात पाहुणे येणार आहेत, आणि आपण साध्या पाण्यानं फरशी पुसायची? कुणाला कळणार होतं? हाताला आली ती बाटली उचलली, टॅग हिरवा बघितला, अख्खी ओतली बादलीत.

नंबर वाचला का? नाही वाचला. कारखान्यात एकदा हिरवा लागला की त्या मालाकडे परत कुणी बघत नाही, माल गाडीत चढतो. पुसताना वास मात्र फार गोड आला. अननसासारखा. मला कौतुकच वाटलं. म्हटलं, बघा, संत्र्याची साल तीन महिने मुरली की तिला अननसाचा वास येतो, निसर्गाची करामत म्हणतात ती हीच.

हसू नका. अजून ग्लास भरायचेत.

एक शपथ मोडली की दुसरी मोडायला जड जात नाही. मी फ्रिज उघडला, पन्हं बघितलं, आणि मनात आलं, पन्हं काय कुणीही देतं. सुमनताईंना लग्नात माझ्यामुळे काही प्यायला मिळालं नव्हतं ना? मग आज मी माझ्या हातानं केलेलं देतो. तोंडानं 'चुकलो' म्हणायला जमत नाही, निदान ग्लासानं म्हणू. फार भरून आलं हो मला त्या फ्रिजसमोर. गॅलरीतली राहिलेली हिरवी बाटली आणली, सहा ग्लास भरले, वर बर्फ, वर पुदिना. जावयाला चांदीचा पेला.

अकराला मंडळी आली. अण्णा टोपी सारखी करत आत आले. मागून सुमनताई, मोरपंखी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून. चपला बाहेर काढल्या आणि हॉलमध्ये पहिलं पाऊल टाकलं. ते उचलताना चट्ट असा आवाज आला. दुसरं टाकलं, उचललं, चट्ट. मला वाटलं जोडवी वाजतायत. पण मग अण्णांचंही चट्ट, अमोलचंही चट्ट, आणि अण्णा काही जोडवी घालत नाहीत.

"या, या," म्हणत मी पुढे झालो. माझंही चट्ट.

अमोलचे पाय परातीत धुतले, पुसले, पाटावर बसवला. मंगल औक्षणाचं ताट आणायला आत गेली आणि मी संधी साधली. ट्रे फिरवला.

"बाबा, हे पन्हं आहे?" पूजानं दबक्या आवाजात विचारलं.

"पन्ह्याच्याच जातीचं," मी म्हणालो, आणि पहिला घोट मीच घेतला.

काय सांगू. कानशिलं गरम झाली. आंबट म्हणावं तर दात आंबले, कडू म्हणावं तर सालीचा कडवटपणा घशाला चिकटून बसला. क्षणभर मलाही शंका आली. पण टॅग हिरवा होता. माझा होता. मी स्वतःलाच समजावलं, दालचिनी जरा जास्त पडली असेल. "याला म्हणतात मुरलेलं," मी मोठ्यानं म्हणालो आणि ग्लास संपवून दुसरा घेतला.

अमोल बिचारा जावई. धोंड्याच्या पाटावर बसून सासऱ्याच्या हातचं नाही म्हणणार कसं? एका दमात प्याला. डोळ्यांत पाणी तरारलं. "कसं आहे?" मी विचारलं. तो म्हणाला, "वेगळं आहे." अण्णांनी एक घोट घेतला आणि ग्लासात बघत बसले. सुमनताईंनी मात्र सावकाश, एकेक घोट घेत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता अख्खा ग्लास संपवला आणि खाली ठेवला.

"आवडलं ना ताई?"

"आमच्याकडं पुढ्यात आलेलं माघारी धाडत नाहीत," त्या म्हणाल्या.

अण्णा खाकरले. "दादा, राग नका मानू. पर ह्या वासाचं आम्ही बागेला सोडतो. सडकी फळं न् गूळ, पिंपात कुजवायचं. द्राक्षाला लय मानवतं."

"अण्णा, हे बागेचं नाही हो. खास प्यायचं आहे," मी म्हणालो, थोडा दुखावूनच.

तेवढ्यात अमोल पाटावर चुळबुळायला लागला. आधी डावा पाय वर घेतला, मग उजवा, मग दोन्ही. मी खाली बघितलं. गॅलरीच्या दारातून मुंग्यांच्या तीन रांगा निघालेल्या, एक पाटाकडे, एक अनारशांच्या ताटाकडे आणि एक थेट सुमनताईंच्या पदराकडे. मंगल औक्षणाचं ताट घेऊन बाहेर आली आणि दारातच तिचा पाय चिकटला.

"अहो," ती ताट सांभाळत म्हणाली, "फरशी कशानं पुसली?"

"पाण्यानं."

"नुसत्या?"

"पाणीच जास्त होतं त्यात."

पूजानं डोळे मिटून घेतले. मंगल आत गेली आणि रिकामी बाटली घेऊन आली. "आणि ग्लासात पन्हं नाही. पन्हं फ्रिजमध्येच आहे. ग्लासात हे आहे. टॅगवर चौदा लिहिलंय. चौदा म्हणजे काय?"

मी शांतपणे गप्प बसू शकलो असतो. पण मी पडलो क्वालिटीचा माणूस. माझ्या टॅगवर शंका? मी तरातरा, म्हणजे चटचट करत, कपाटाशी गेलो, रजिस्टर आणलं, सगळ्यांच्या मध्ये उभा राहिलो, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागलो.

"लॉट नंबर चौदा. संत्रं-मोसंबी साल. मुरवण तीन महिने. वापर…"

इथे मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"वाचा की," सुमनताई म्हणाल्या.

"वापर, फरशी."

"अजून हाय वाटतं काही."

"सिंक."

"आणि?"

"संडास," मी म्हणालो.

अमोल चांदीच्या पेल्याकडे बघत होता. मंगलनं माझ्या हातातून रजिस्टर घेऊन पुढची ओळ वाचली. "लॉट पंधरा, अननस, जेवणाआधी एक ग्लास. म्हणजे फरशी अननस प्याली, आणि पाहुणे…" मी घाईघाईनं सांगितलं की साली, गूळ आणि पाणीच आहे, कुणाला काही होणार नाही, मी स्वतः दोन ग्लास प्यालोय. अण्णा म्हणाले, "मग तुमचा नळ आज साफ झाला म्हणायचा, दादा." पण पूजाकडे बघितलं आणि माझं मलाच इतकं वाईट वाटलं की काही विचारू नका. पोरगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीला टेकून उभी होती.

सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. ते तसं बघणं.

"तुम्ही हे द्यायच्या आधी चाखलं व्हतं?"

"नाही."

"का?"

"टॅग हिरवा होता."

"म्हणजे मठ्ठा चाखून माघारी लावला, आन् हे न चाखता पुढं पाठवलं."

बत्तीस वर्षांत असं इन्स्पेक्शन माझं कुणी केलं नव्हतं. मी रजिस्टर मिटलं आणि म्हणालो, "चुकलो, ताई. आजही चुकलो आणि त्या दिवशीही चुकलो. मठ्ठा चांगला होता. थोडा आंबट होता, पण मठ्ठा आंबटच असतो. तुम्हाला कोरडं जेवायला लागलं ते माझ्या शहाणपणामुळे. त्यात पूजाचं काही नाही."

पूजानं मान वर केली. सुमनताईंनी रिकामा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "ते टॅग कुठं असत्यात तुमचे?"

मी डबा आणून दिला. त्यांनी आधी लाल टॅग काढला, उलटसुलट केला. "ह्याचं काय?"

"बाद. भंगारात जातं."

तो परत ठेवला. पिवळा काढला. "आन् हा?"

"थांबा. पास नाही, नापास नाही. पुन्हा तपासून ठरवायचं."

त्या उठल्या. चट्ट, चट्ट करत माझ्यापुढे आल्या आणि तो पिवळा टॅग माझ्या झब्ब्याच्या वरच्या गुंडीला दोऱ्यानं नीट, दोन गाठी मारून बांधला.

"पुढच्या धोंड्याला बघू," त्या म्हणाल्या.

अण्णा बोटांवर मोजून हसायला लागले. "म्हंजे तीन वर्सं की वो."

मग फरशी पुन्हा पुसली, साध्या पाण्यानं, मी, सगळ्यांच्या देखत. औक्षण झालं, वाण दिलं, तेहतीसपैकी दोन अनारसे मुंग्यांच्या वाट्याला गेले. जेवायला बसलो. मंगलनं मठ्ठा केला होता. सुमनताई पूजाला म्हणाल्या, "वाढ सगळ्यांला. चाखायची काही गरज नाही." पूजा हसली. वर्षभरानं तिचं तसं हसणं ऐकलं मी, आणि मान खाली घालून भात कालवत राहिलो.

परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, आता घरात मठ्ठ्याचा विषय निघत नाही."

"मिटला म्हणायचा."

"हो. आता आल्यागेल्याला सासूबाई तुमच्या सरबताचं सांगतात. पण सांगताना हसतात."

आता तुम्ही विचाराल, झब्ब्याला अजून हे पिवळं काय लटकतंय. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी कात्री घेऊन काढायलाच बसलो होतो. मंगलनं हातातून कात्री घेतली. म्हणाली, "टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. नियम कुणाचा?"

माझाच. त्यामुळे घालतोय. साली तीन महिन्यांत मुरतात, विहीणबाईंनी माझ्यासाठी तीन वर्षं धरलीत.